पांढरी : एका जुन्या शब्दाचा माग

मूर्तिजापूर तालुक्याची जमीन काळी, कपाशीची. हें वऱ्हाडांत कोणास सांगावयास नको. परंतु त्या काळ्या शिवारांतून एखाद्या जुन्या गांवाजवळ जातांच पायांखालच्या मातीचा रंग पालटूं लागतो. ती फिकट, राखाडी, भुसभुशीत होते आणि जमीनही थोडीथोडी चढत जाते. चढाच्या माथ्यावर पुष्कळदां गढीच्या पडक्या भिंती उभ्या असतात. वस्तीखालच्या ह्या भूमीस मराठींत 'पांढरी' अथवा 'पांढर' असें नांव आहे; पिकाखालची ती 'काळी'.

दोन्ही शब्द मूळचीं विशेषणें होत. 'माती', 'भूमि' ह्यांसारखें स्त्रीलिंगी नाम बोलतांना गळून पडलें आणि विशेषणच नाम होऊन बसलें. संस्कृतांतील 'पाण्डुर' व 'पाण्डर' हे 'पांढरा' ह्या शब्दाचे पूर्वज. 'पाण्डु' म्हणजे दुधासारखें शुभ्र नव्हे, तर पिवळट, फिकट. गांवची माती हुबेहूब तशीच असते. तेव्हां शब्दाचा जुना अर्थ आजच्या 'पांढऱ्या'पेक्षां ह्या पांढरींत अधिक नेमका राहिला आहे. विठ्ठलाच्या पंढरीशीं तिचें नातें जोडण्याचा मोह मात्र आवरावा. त्या क्षेत्राचें नांव जुन्या शिलालेखांत 'पंडरगे' अशा रूपांत येतें, आणि त्याचा माग निराळ्या वाटेनें काढावा लागतो.

भूमीपासून हा शब्द भूमीवरील माणसांकडे सरकला. गांवचे समस्त रहिवासी म्हणजे 'गांवची पांढर'. वतनाच्या जुन्या कागदांत 'काळी व पांढरी' एवढें म्हटलें कीं सबंध गांव आलें, शेतांसुद्धां आणि घरांसुद्धां. मोल्सवर्थच्या कोशांतही (दुसरी आवृत्ति, १८५७) ही जोडी सांपडते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत तर 'पांढरी' हें एका कराचेंच नांव होतें. जो काळी कसे तो जमिनीचा सारा देई. व्यापारी, कारागीर अशा शेती न करणाऱ्यांकडून पांढरी वसूल होई. कर कोणासच गोड लागत नाहीं, पण नांव ठेवणाऱ्यानें शब्द अचूक निवडला, असें म्हटलें पाहिजे.

मग ही माती पांढरी कां? थोडी निसर्गानें, पुष्कळशी माणसानें. काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात. तिजवर भिंत टिकत नाहीं. म्हणून घर बांधणारा उंचवट्यावरची, चुनखडीचा अंश असलेली फिकट जागा शोधी. तेथें मातीच्या भिंती उठल्या, पावसांत कोसळल्या, आणि त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हां नव्या उठल्या. चुलींतील राख, शेण, भुसा, हाडें, फुटकीं मडकीं रोज तेथेंच पडलीं. शतकानुशतकें असें चाललें म्हणजे गांव आपल्याच केरावर वर चढतें. इराक-सीरियाकडे अशा टेकाडांस 'तल' म्हणतात, व त्यांच्या पोटांतून तेथील प्राचीन नगरें उघडकीस आलीं आहेत.

वऱ्हाडांतही तोच प्रकार आहे. अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजारच्या बाजूस तुळजापूर गढी येथें १९८४-८५ सालीं उत्खनन झालें, तेव्हां सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वसाहत हातीं लागली. वर्धेच्या कांठीं कौंडिण्यपूर येथें मोरेश्वर दीक्षितांनीं केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६८ सालीं प्रसिद्ध झालेला आहे.

अडचण अशी कीं, ही माती मोठी उपयोगाची. राखेमुळें व शेणामुळें तिच्यांत खताचा गुण असतो, म्हणून ठिकठिकाणीं लोक ती गाड्या भरून शेतांत नेत आले. धाब्याच्या घरावर पांढरी माती चोपून बसविली म्हणजे पाणी झिरपत नाहीं, हाही तिचा एक उपयोग. गाडीमागून गाडी जाते, आणि तिजबरोबर मण्यांचा, नाण्यांचा, खापरांचा थर जातो. थर एकदां मोडला म्हणजे कोणती वस्तु कोणत्या काळची हें सांगणारें साधनच नाहींसें होतें. खापर हातीं राहतें, त्याचा काळ राहत नाहीं.

उजाड गांवास वऱ्हाडांत 'रिठ' म्हणतात. घरें गेलीं, वाट मोडली, नांव तेवढें दप्तरांत उरलें, अशा जागीं नांगरलेल्या काळ्या वावरांच्या मधोमध फिकट मातीचा एक पट्टा दिसतो, आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्यावर तांबड्या-काळ्या खापऱ्या उघड्या पडतात. तेथें राहावयास कोणी नसलें तरी त्या पट्ट्याचें नांव पांढरीच असतें.