महाड-पोलादपूरचें रास्टर-गणित : मंदतेचीं कारणें व उपाय

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत जुन्या कागदपत्रांचा शोध घेणारास इतिहासाइतकेंच भूगोलाकडेहि लक्ष द्यावें लागतें. रायगड व प्रतापगड यांच्या दरम्यानचा हा मुलूख सावित्री, काळ व गांधारी या नद्यांनीं कापलेला असून, बहुतेक गांवें एक तर नदीकांठच्या खलाटींत किंवा डोंगराच्या उतारावर वसलेलीं आहेत. सन २००५ च्या जुलैंत दासगांव, जुई, रोहण व कोंडिवते येथें दरडी कोसळल्या. ता. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें दरडीखालीं सांपडून ऐंशींहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंहि तोच अनर्थ घडला आणि महाड शहर पुराखालीं बुडालें. जेथें माणसें वांचलीं नाहींत तेथें पोथ्यांची व रुमालांची काय कथा ? यास्तव कोणत्या गांवचे संग्रह आधीं पाहावे व त्यांचीं छायाचित्रें आधीं घ्यावीं, याचा कांहीं क्रम पुढील पावसाळ्यापूर्वीं लावणें हें संशोधकांचें कर्तव्य ठरतें.

हा क्रम लावण्याचें साधन आज कोणासहि उपलब्ध आहे. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, या प्रकारच्या क्यूजीआयएससारख्या विनामूल्य साधनांत जमिनीच्या उंचीवरून उतार काढतां येतो, व अमुक अंशांहून अधिक उतार किंवा अमुक मीटरांहून कमी उंची असलेली भूमि निराळी दाखवितां येते. परंतु मोठें चित्र घेतलें कीं यंत्र तासन् तास थबकून राहतें, व संग्राहक कंटाळून तें काम सोडून देतो. यंत्र जुनें आहे हा निष्कर्ष अशा वेळीं बहुधा उतावळेपणाचा असतो. बेरीज-वजाबाकीस यंत्रास फारसा वेळ लागत नाहीं. वेळ जातो तो अनावश्यक आंकडे उचलण्यांत व वाईट रीतीनें बांधून ठेवलेले आंकडे सोडविण्यांत. हेंच प्रस्तुत लेखांत सोदाहरण दाखवावयाचें आहे.

१. रास्टर म्हणजे काय

रास्टर म्हणजे चौकड्यांचें कोष्टक. प्रत्येक चौकडींत, म्हणजे पिक्सेलांत, एक संख्या असते. ती उंचीची असेल, प्रकाशाची असेल किंवा रंगाची असेल. फेब्रुवारी २००० मध्यें एंडेव्हर या अंतराळयानानें रडारच्या साह्यानें जें भूपृष्ठाचें मापन केलें, तें एसआरटीएम या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या एक विकलेच्या प्रतींत अक्षांश-रेखांशाच्या प्रत्येक अंशास एक पान असून त्यांत ३६०१ ओळी व तितकेच स्तंभ, म्हणजे सुमारें १ कोटि ३० लक्ष पिक्सेल असतात. आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल दक्षिणोत्तर सुमारें ३०.७ मीटर व पूर्वपश्चिम सुमारें २९.४ मीटर भरतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अठरा अंशांची अक्षांशरेषा महाड व पोलादपूर या दोन गांवांच्या मधून जाते. त्यामुळें महाड एका पानावर व पोलादपूर दुसऱ्या पानावर पडतें. उतार काढतांना प्रत्येक पिक्सेलास भोंवतालचे आठ शेजारी लागतात. पानाच्या कडेस ते पुरे मिळत नाहींत म्हणून कडेचे पिक्सेल सामान्यतः रिकामे राहतात. दोन्ही पानांचा उतार वेगवेगळा काढून मग पानें जोडल्यास नेमकी या दोन तालुक्यांच्या मधून एक रिकामी रेघ उमटते. यास्तव पानें आधीं जोडावीं व उतार मागाहून काढावा. जोडण्यासाठीं सर्व संख्यांची नवी प्रत करण्याची गरज नाहीं. क्यूजीआयएसचा बराच कारभार ज्या जीडीएएल या साधनसंग्रहावर चालतो, त्यांत आभासी रास्टर करण्याची सोय आहे. तें केवळ सूचिपत्र असतें. मूळ पानें जागच्या जागीं राहतात.

२. आधीं निदान, मग उपाय

कारण ठरविण्यास नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीति उत्तम. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व काळ मोजावा. सबंध चित्रावर प्रयोग न करतां स्थालीपुलाकन्यायानें हजार-दोन हजार पिक्सेल लांबीरुंदीचा तुकडा काढून त्यावरच तो करावा. तुकड्यास लागलेला वेळ पिक्सेलांच्या प्रमाणांत वाढविला असतां सबंध चित्राचा अंदाज येतो. प्रत्यक्ष वेळ त्याहून पुष्कळच अधिक लागत असेल, तर दोष गणितांत नसून स्मृतींत किंवा सांठवणींत आहे असें समजावें.

विंडोज यंत्रांत टास्क मॅनेजर उघडून पाहिलें असतां आणखी पुरावा मिळतो. डिस्क पूर्ण गुंतलेली व प्रोसेसर स्वस्थ दिसल्यास संख्या आणण्यांत वेळ जात आहे. मेमरी भरून गेली असल्यास यंत्र मेमरीचें ओझें डिस्कवर उतरवीत व पुन्हा उचलीत आहे. प्रोसेसरचा एकच भाग तापलेला व बाकीचे निवांत असल्यास गणित किंवा आवळलेल्या संख्या सोडविणें हें एकट्यावर पडलें आहे.

३. नको असलेली भूमि

महाडचें पान १८ ते १९ अक्षांश व ७३ ते ७४ रेखांश इतकें आहे. त्यांत पुणें शहरहि येतें. पोलादपूरच्या पानांत दापोली, चिपळूण व महाबळेश्वर येतात. दोन्ही पानें जोडलीं कीं ७२०१ ओळी व ३६०१ स्तंभ, म्हणजे सुमारें २ कोटि ५९ लक्ष पिक्सेल होतात. आपणांस हवा असलेला प्रदेश १७ अंश ५० कला ते १८ अंश २० कला व ७३ अंश १५ कला ते ७३ अंश ४५ कला या चौकटींत घेतल्यास पिक्सेल १८०० गुणिले १८००, म्हणजे ३२ लक्ष ४० हजारच राहतात. केवळ कात्री लावल्यानें काम अष्टमांशावर आलें. हा उपाय सर्वांत सोपा असून तोच बहुधा विसरला जातो.

४. जाळी जुळविणें

उंचीचें रास्टर अंशांत व उपग्रहाचें चित्र मीटरांत असल्यास यंत्रास प्रत्येक पिक्सेलाची जागा गणिताच्या वेळीं नव्यानें शोधावी लागते. शिवाय अंशांतील आडवें अंतर व मीटरांतील उंची यांची गल्लत होऊन उताराचें उत्तरहि चुकतें. म्हणून सर्व रास्टरें प्रथम एकाच प्रक्षेपणांत आणावीं. या प्रदेशास यूटीएम पद्धतीचा ४३ उत्तर हा पट्टा लागू आहे. पिक्सेलांचें माप व कडा याहि एक कराव्या.

माप ठरवितांना मोह आवरावा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांत दहा मीटरांचा पिक्सेल असून एका पानाच्या एका पटलांत १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे १२ कोटींहून अधिक पिक्सेल असतात. त्याच्याशीं जुळावी म्हणून तीस मीटरांची उंची दहा मीटरांवर आणली तर पिक्सेल नऊपट होतात, पण ज्ञान तिळभरहि वाढत नाहीं. उतारापुरतें काम असल्यास तीस मीटरच ठेवावे.

५. संख्येचें माप

उंचीची पूर्णांक संख्या दोन बाइटांत मावते. उतारास अपूर्णांक लागतो, त्यास चार बाइट पुरतात. "उतार २५ अंशांहून अधिक आहे कीं नाहीं", या प्रश्नाचें उत्तर शून्य किंवा एक असें असल्यामुळें त्यास एक बाइट पुष्कळ झाला. क्यूजीआयएसचा रास्टर कॅल्क्युलेटर मात्र उत्तर सामान्यतः चार बाइटांच्या दशांश-संख्येंत लिहितो. होय-नाहींची यादी चौपट जाड कागदावर लिहिण्यासारखेंच हें आहे. जीडीएएलच्या कॅल्क या साधनास उत्तराचा प्रकार आधीं सांगतां येतो.

मोठ्या कामांत याचें महत्त्व कळतें. वर सांगितलेली चौकट सुमारें २,९०० चौरस किलोमीटरांची आहे. ती एक मीटरच्या पिक्सेलानें भरली तर २९० कोटि पिक्सेल होतात व चार बाइटांच्या मापानें १,१६० कोटि बाइट लागतात. जुन्या धाटणीची टिफ फाइल सुमारें ४२९ कोटि बाइटांपलीकडे जाऊं शकत नाहीं. त्यापुढें बिगटिफ हा प्रकार निवडावा लागतो, नाहीं तर तासाभराचें काम शेवटीं फुकट जातें.

६. रुमालांची मांडणी

येथें दफ्तराचा दृष्टांत चांगला लागू पडतो. एका गांवचे कागद शंभर रुमालांत एकेक करून विखुरले असतील, तर ते काढण्यास शंभर रुमाल सोडावे लागतात. टिफ फाइलींत पिक्सेल सामान्यतः ओळीओळीनें ठेवलेले असतात. समजा, तीस इंच रुंद व वीस इंच उंच असा एक जुना नकाशा दर इंचास ६०० ठिपके या घनतेनें उतरविला. त्यांत १८,००० स्तंभ व १२,००० ओळी, म्हणजे २१ कोटि ६० लक्ष पिक्सेल झाले. त्यांतील २५६ गुणिले २५६ एवढा तुकडा, म्हणजे ६५,५३६ पिक्सेल, वाचण्यासाठीं २५६ सबंध ओळी, म्हणजे ४६ लक्ष पिक्सेल, उलगडावे लागतात, गरजेच्या सत्तरपट. तीच फाइल २५६ च्या चौकोनी फरशांत, म्हणजे टाइलांत, मांडल्यास फार तर चार फरशा उघडाव्या लागतात.

सर्वांत वाईट स्थिति म्हणजे एक रास्टर ओळींत व दुसरें फरशांत असणें. तेव्हां एका ओळीसाठीं फरशांची सबंध रांग उघडावी लागते, व मेमरी अपुरी असल्यास तीच रांग पुढच्या ओळीस पुन्हा उघडली जाते. म्हणून सर्व रास्टरें एकाच मांडणींत आणावीं. सेंटिनेलचीं चित्रें जेपीईजी-२००० या प्रकारांत घट्ट आवळलेलीं येतात. तीं एकदां सोडवून फरशांच्या जिओटिफांत ठेवावीं व मग गणित करावें. फाइल पेन ड्राइव्हवर किंवा दूरच्या सांठ्यांत असल्यास प्रथम आपल्या यंत्राच्या डिस्कवर घ्यावी.

पिरॅमिड केल्यानें गणित जलद होईल अशी पुष्कळांची समजूत असते. पिरॅमिड म्हणजे चित्राच्या लहान-लहान नकला. त्यांनीं पडद्यावर चित्र लवकर उमटतें, पण गणित मूळ पिक्सेलांवरच चालतें.

७. स्मृति व तुकडे

जीडीएएल आपल्या वाचनासाठीं यंत्राच्या मेमरीचा केवळ शेंकडा पांच भाग राखून ठेवतें. मेमरी मोकळी असल्यास हा भाग वाढवावा. मात्र सर्वच देऊं नये, नाहीं तर इतर कामें डिस्कवर ढकललीं जातात. उतार एकदांच काढून जपून ठेवावा व अटी पाहण्यासाठीं तोच पुन्हा वापरावा. उलट, लहान-लहान अटींसाठीं प्रत्येक वेळीं नवी फाइल न लिहितां त्या एकाच सूत्रांत गोंवाव्या. इतकें करूनहि काम न आटोपल्यास प्रदेशाचे तुकडे करावे, पण उतारासाठीं प्रत्येक तुकड्यास भोंवतालीं निदान एक पिक्सेलाची पट्टी अधिक घ्यावी; अन्यथा अठरा अंशांवरील रेघेचा प्रकार प्रत्येक सांध्यावर घडेल.

८. या गणिताची मर्यादा

जलद आलेलें उत्तर खरेंच असतें असें नाहीं. एसआरटीएमची उंची दाट झाडींत बऱ्याच अंशीं झाडांच्या शेंड्यांची असते, आणि त्या मापनांत उंचीची चूक सोळा मीटरांपर्यंत गृहीत धरलेली होती. सखल खलाटींत इतक्या अंतरानें पुराचें पाणी येणें व न येणें दोन्ही शक्य आहे. दरडीस उताराबरोबर माती, पाऊस व झाडतोडहि कारण होतात. म्हणून अमुक घर सुरक्षित आहे असें या कोष्टकावरून कोणीं कोणास सांगूं नये. प्रथम कोठें जावें इतकेंच तें सांगतें.

परंतु तेवढेंहि थोडें नाहीं. भूमि कापून घेणें, जाळी जुळविणें, संख्येचें माप आटोक्यांत ठेवणें, फरशांची मांडणी करणें व मेमरी वाढविणें, या क्रमानें गेल्यास जें काम रात्रभर चालूनहि पुरें होत नव्हतें तें साध्या यंत्रावरहि एका बैठकींत होऊं शकतें. मग उताराखालच्या व नदीकांठच्या गांवांची यादी हातीं घेऊन, उन्हाळा संपण्यापूर्वीं त्या त्या घरचे रुमाल सोडवून पाहणें व त्यांचीं छायाचित्रें घेणें हें काम उरतें. तें कोणतेंहि यंत्र करूं शकत नाहीं.