खेळणेवाल्याच्या गावी

क्रिकेटच्या वेड्याला लॉर्ड्सचे मैदान एकदा तरी पाहायचे असते. गाण्याच्या रसिकाला आपल्या आवडत्या गवयाचे गाव पाहायचे असते. मग एखाद्याला खेळणी करणाऱ्या माणसाचे वेड असेल, तर त्याने कुठे जावे? डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचे एक छोटे गाव आहे. १९३२ साली ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने तिथे लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, आणि त्याच उद्योगातून पुढे लेगोचे ठोकळे जन्मले. आज जगभरातून मुले आणि मोठी माणसेही हे गाव पाहायला जातात.

आपल्या देशातही असा एक खेळणेवाला आहे. गंमत अशी, की त्याचा कारखाना नाही, दुकान नाही आणि त्याच्या खेळण्यांवर किमतीची चिठ्ठीही नाही. त्याचा सगळा माल काडेपेट्या, सायकलच्या नळ्या, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या आणि मोडके स्पीकर यांतून येतो. त्यांचे नाव अरविंद गुप्ता. भारत सरकारने २०१८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

मी नाशिकला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि गुप्तांच्या खेळण्यांचा जुना चाहता आहे. त्यांच्या कर्मभूमीची, म्हणजे पुण्याची, वारी मी केली आहे. आज तुम्हालाही तिकडे न्यायचे आहे. मात्र शिदोरी बरोबर हवी: एक काडेपेटी, एक टोकदार काटा किंवा दाभण, खराट्याच्या काही काड्या आणि सायकलच्या दुकानातून आणलेली हातभर व्हॉल्व्ह ट्यूब.

बरेली ते पुणे

अरविंद गुप्तांचा जन्म १९५३ सालचा, उत्तर प्रदेशातल्या बरेलीचा. पतंग उडवणाऱ्यांना बरेली माहीत असते ती तिथल्या मांज्यामुळे. कानपूरच्या आय. आय. टी. मधून १९७५ साली ते विद्युत अभियंता झाले आणि पुण्याला टेल्कोच्या कारखान्यात ट्रक बनवण्याच्या कामावर रुजू झाले. नोकरी चांगली होती. पण १९७८ साली त्यांनी रजा काढली आणि ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये १९७२ पासून एक धाडसी प्रयोग चालू होता. मुलांनी विज्ञान पाठ करायचे नाही, ते हातांनी करून पाहायचे, असा त्याचा मंत्र होता.

आता अडचण पाहा. शाळा खेड्यातली, प्रयोगशाळा नाही, साहित्याला पैसा नाही. मग हातांनी करायचे तरी कशाने? गुप्तांनी उत्तर शोधले ते बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंत. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी त्यांनी घेतली. तिच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या घट्ट बसतात, आणि तरीही सांधा वळतो! एवढ्याशा निरीक्षणातून एक अख्खे खेळणे जन्माला आले. १९८७ साली त्यांचे काड्यांच्या नमुन्यांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि पुढे ते अनेक भारतीय भाषांत गेले.

काड्यांवरून आठवले. नाशिककरांचे काड्यांशी जुने नाते आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आल्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट काढला. त्यात काड्या आपोआप हलताना दिसत. युक्ती अशी, की एक चित्र घ्यायचे, काडी किंचित सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवत. म्हणजे एका मिनिटाच्या मौजेसाठी ९६० चित्रे! फाळक्यांनी काड्या नाचवल्या, गुप्तांनी त्या जोडल्या.

त्रिकोण हट्टी, चौकोन लवचीक

आता कामाला लागू या. प्रथम काड्यांचा गूल खरवडून काढा. हे काम मोठ्या माणसाच्या देखत करा आणि खरवडलेली भुकटी विस्तवाजवळ ठेवू नका. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. तीन काड्या आणि तीन तुकडे घेऊन त्रिकोण करा, चार-चार घेऊन चौकोन करा. दोन्ही टेबलावर ठेवून बोटाने ढकला.

चौकोन लगेच कलंडतो, त्याचा पतंग होतो. त्रिकोण मात्र हट्टी. ढकलला तर सगळाच सरकतो, पण आपला आकार सोडत नाही. पंचकोन तर चौकोनापेक्षाही ढिला. असे का व्हावे?

प्रत्येक सांधा म्हणजे कागदावरचा एक बिंदू. बिंदूला दोन दिशांत हलता येते: आडवे आणि उभे. चार सुटे बिंदू असतील, तर हालचालीच्या एकूण वाटा ४ × २ = ८. आपण त्यांच्यामध्ये एक काडी बसवली, की दोन बिंदूंमधले अंतर पक्के होते आणि एक वाट बंद होते. पण सगळ्या वाटा बंद करण्याची गरज नाही. संपूर्ण आकृती आडवी सरकली, उभी सरकली किंवा फिरली, तर तिचा आकार बदलत नाही. या तीन वाटा मोकळ्या राहिल्या तरी चालतात. म्हणजे चौकोन ताठ करायला ८ − ३ = ५ काड्या लागतात. आपल्याकडे आहेत ४. एक कमी पडली! म्हणून तर एक कर्ण घातला की चौकोन मुकाट्याने ताठ उभा राहतो. हा कर्ण काडीहून लांब असतो, बरे का. काडीची लांबी मोजा, तिला १.४१ ने गुणा आणि तेवढी खराट्याची काडी कापा. १.४१ हा आकडा कुठून आला, ते पायथागोरसला विचारा.

त्रिकोणाचा हिशेब करा: ३ × २ − ३ = ३. काड्या तीनच लागतात आणि तीनच आहेत. पंचकोनाला लागतात ७, म्हणजे दोन कमी.

आता टेबल सोडून हवेत चला. अवकाशात बिंदूला तीन दिशा असतात. संपूर्ण वस्तू तीन दिशांनी सरकू शकते आणि तीन प्रकारे फिरू शकते. म्हणून सहा वाटा मोकळ्या ठेवायच्या. नियम असा झाला: काड्या = ३ × सांधे − ६. विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धांत मांडणाऱ्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानेच १८६४ साली हा हिशेब मांडला. अर्थात काड्या योग्य ठिकाणी बसवायला हव्यात. एकाच कोपऱ्यात गर्दी केली तर हिशेब जुळूनही सांगाडा ढिलाच राहील.

त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांना काट्याने भोक पाडा, त्यांत तीन काड्या उभ्या खोचा आणि त्यांची वरची टोके एकत्र जोडा. हा झाला चतुष्फलक. सांधे ४, काड्या ६. नियम सांगतो: १२ − ६ = ६. म्हणूनच तो दगडासारखा पक्का. घन केलात तर सांधे ८, काड्या १२. हव्यात १८. सहा कमी. घनाला पृष्ठे किती? सहा! प्रत्येक पृष्ठावर एकेक कर्ण घाला आणि चमत्कार पाहा.

वाटेवरचे त्रिकोण

हा खेळ हातात घेऊन नाशिकहून पुण्याच्या गाडीत बसले, की खिडकीबाहेरचे जग वेगळे दिसू लागते. द्राक्षबागेच्या ओळीच्या टोकाचा खांब पाहा. त्याला बाहेरच्या बाजूने तिरकस ताण दिलेला असतो. खांब, जमीन आणि ताण मिळून त्रिकोण होतो. तो नसता, तर द्राक्षांनी लगडलेल्या तारांनी खांब आत ओढून घेतला असता. कांदाचाळ पाहा. उभ्या-आडव्या दांड्यांत तिरक्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. पत्र्याच्या शेडला पेलणारी कैची म्हणजे त्रिकोणांची माळच. शेतकऱ्याने आणि सुताराने मॅक्सवेलचा निबंध वाचलेला नसतो. पण तिरकी पट्टी काढली तर काय होईल, हे त्याच्या हातांना ठाऊक असते.

पुढे नारायणगाव लागते. तिथून खोडदकडे वळले, की जी. एम. आर. टी. या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या दिसतात. एकूण ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी थाळी भरीव पत्र्याची केली असती, तर वजन अफाट झाले असते आणि वाऱ्याने तिला लोळवले असते. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोरांच्या कैच्या ताणून त्यांवर बारीक तारांची जाळी बसवली. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची, आणि टिपायच्या रेडिओ लहरींची लांबी २० सेंटिमीटर व त्याहून जास्त. त्यामुळे लहरींना ती जाळी भिंतीसारखी वाटते आणि वारा मात्र आरपार जातो. काडेपेटीतला त्रिकोण किती मोठा होऊ शकतो, ते इथे समजते!

आयुकाच्या आवारात

पुणे विद्यापीठाच्या परिसरात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. ती १९८८ साली स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक संचालक. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. शिवाय फूकोचा लंबक आहे. पृथ्वी फिरते म्हणून या लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर तिला पूर्ण फेरा करायला सुमारे ७५ तास लागतात. हाच लंबक नाशिकला टांगला, तर ७० तास पुरतील. का, ते शिक्षकांना विचारा.

शाळकरी मुलांनी मोठमोठ्या वैज्ञानिकांना प्रत्यक्ष भेटावे, ऐकावे, हा नारळीकरांचा आग्रह होता. त्याच विचारातून इथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींपैकी हा एक तारा. आणि त्या नावात पु. लं.ची आठवणही आहे, कारण पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीने ती बांधली गेली. २०१४ पर्यंत सुमारे अकरा वर्षे अरविंद गुप्तांनी इथे काम केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो खेळणी रचली, त्यांच्या छोट्या फिती काढल्या आणि पुस्तकांसह त्या सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या. मूल खेळणे मोडते, ते आत काय आहे हे पाहण्यासाठी; म्हणून त्याला रागावू नका, असे ते सांगत आले आहेत. बिलुंडला जाऊन आलेला माणूस ठोकळ्यांचा खोका विकत घेऊन येतो. इथून येणाऱ्याच्या पिशवीत काहीच नसते. फक्त घरी आल्यावर तो केराच्या टोपलीत डोकावू लागतो.

दहा वेढ्यांची मोटार

या सगळ्या खेळण्यांतले माझे लाडके म्हणजे छोटी विजेची मोटार. एक टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, मोडक्या स्पीकरमधले चुंबक, सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबरी पट्टा आणि मीटरभर मुलामा दिलेली तांब्याची तार, एवढेच साहित्य. सेलभोवती तारेचे दहा वेढे घेऊन वेटोळे करा. दोन्ही टोके समोरासमोर बाहेर काढा. एका टोकावरचा मुलामा पूर्ण खरवडा, दुसऱ्या टोकावरचा फक्त एका बाजूने, अर्धाच. सेलच्या दोन्ही टोकांना पिना रबरी पट्ट्याने घट्ट बसवा, सेलवर चुंबक ठेवा आणि वेटोळे पिनांच्या भोकांत अडकवून हलकेच टिचकी मारा. ते गरगर फिरू लागेल.

मुलामा अर्धाच का खरवडला? पूर्ण काढला, तर पहिल्या अर्ध्या फेऱ्यात चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलील आणि दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात मागे खेचील. उरलेला मुलामा त्या वेळी वीजप्रवाह तोडतो आणि वेटोळे जडत्वाने पुढे निघून जाते. आता चुंबक उलटे करा. दिशा बदलेल का? त्यानंतर सेलही उलटा केला तर? आधी उत्तर वहीत लिहा, मग करून पाहा. मोटार थांबली की सेल काढून ठेवा, नाहीतर तार तापते. आणि घरातल्या विजेच्या बटणाशी हा खेळ मुळीच नको.

आता शिक्षकांसाठी दोन शब्द. अकरावीत येणाऱ्या मुलांपैकी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम धडाधडा म्हणणारी पुष्कळ असतात. पण अर्ध्या खरवडलेल्या तारेचे कारण सांगणारी थोडी. याचा दोष मुलांचा नाही. कित्येक शाळांत साहित्य कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असते, कारण मोडले तर भरून कोण देणार? काडीला ही भीती नाही. मोडली तर दुसरी घ्यायची. मात्र नुसते खेळणे फिरले म्हणून विज्ञान आले, असेही समजू नये. खेळणे हा प्रश्न आहे. मोजणे, अंदाज बांधणे आणि तो चुकला तर का चुकला हे शोधणे, ही पुढची पायरी. ती चढवणे आपले काम.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी गृहपाठ. अष्टफलकाला सांधे सहा, विंशतिफलकाला बारा. प्रत्येकाला किती काड्या लागतील, ते आधी सूत्राने काढा. मग दोन्ही तयार करा, टेबलावर ठेवा आणि बोटाने ढकलून पाहा.