पोतोसीचा चौक कोणाचा?

गाव कोणाचे आहे हे चावडीवर कळते आणि शहर कोणाचे आहे हे त्याच्या मुख्य चौकात. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशातले पोतोसी हे शहर आम्ही पाहिले ते याच नजरेने. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवरच्या या शहरात चार पावले चालले तरी धाप लागते. त्यामुळे पाहुणा आधी मुख्य चौकातल्या बाकावर टेकतो. समोर कॅथेड्रल, बाजूला सरकारी इमारती, मध्ये झाडे आणि स्वातंत्र्यदेवतेचा छोटासा पुतळा. छपरांच्या वर मात्र एकच गोष्ट दिसत राहते, तांबूस रंगाचा सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. या चौकातला प्रत्येक दगड त्या डोंगराच्या पैशाचा आहे.

१५४५ मध्ये या डोंगरात चांदी सापडली. ती दिएगो वालपा नावाच्या मूलनिवासी माणसाला सापडली असे परंपरा सांगते. मालकी अर्थातच स्पॅनिश विजेत्यांकडे गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी येथील वस्ती दीड लाखाच्या घरात पोहोचली आणि पोतोसी जगातील मोठ्या शहरांत गणले जाऊ लागले. निघालेल्या चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. उरलेली व्यापाराच्या वाटेने जगभर फिरली. अमेरिकेच्या खाणींतली ही चांदी गोव्याच्या बाजारात आली, सुरतेच्या मोगल टांकसाळीत वितळून तिचे रुपयेही झाले. म्हणजे हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही.

चांदी डोंगराची, पण ती काढणारे हात कोणाचे? फ्रान्सिस्को दे तोलेदो या व्हाइसरॉयने १५७० च्या दशकात 'मिता' पद्धत लागू केली. सोळा प्रांतांतील मूलनिवासी गावांनी दरवर्षी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा खाणीवर पाठवायचा. ही संख्या वर्षाला सुमारे साडेतेरा हजार भरे. बायकापोरांसह, लामांच्या पाठीवर शिधा लादून ही माणसे आठवडेच्या आठवडे चालत येत. माणसे भरून देण्याची जबाबदारी गावच्या मूलनिवासी प्रमुखावर. संख्या कमी पडली तर तोच जाब द्यायचा. मजुरी मिळे, पण तीत पोट भरत नसे. इंका राजवटीतही मिता होती, पाळीपाळीने करायच्या कामाची. विजेत्यांनी जुने नाव ठेवले आणि त्याखाली वेठबिगार उभी केली.

हे वाचताना आमच्या वाचकांना महारवतन आठवल्याशिवाय राहणार नाही. जन्माने गळ्यात पडलेली चाकरी, तिच्या बदल्यात तुटपुंजे बलुते, आणि नकार दिला तर गावाचा बहिष्कार. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पण दोन्हींतला फरकही नीट पाहिला पाहिजे. मिताला कंटाळलेली हजारो माणसे आपले गाव सोडून दुसऱ्या गावी गेली. तेथे ती 'परकी' ठरली, जमिनीचा हक्क गमावून बसली, पण परकी म्हणून मितातून सुटली. आपल्याकडे गाव सोडले तरी जात पाठ सोडत नव्हती. स्पॅनिश जुलमाला तलवारीचा आधार होता, आपल्याकडच्या जुलमाला धर्मग्रंथाचा. म्हणूनच त्याच्याशी लढाई अधिक खोल करावी लागली.

शहराची रचनाही ओळखीची वाटते. चौकाभोवती काटकोनात आखलेले रस्ते स्पॅनिशांसाठी. मिताच्या मजुरांच्या वस्त्या ओढ्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, चौदा वेगळ्या धर्मविभागांत. मधल्या ओढ्यावर खनिज कुटणाऱ्या गिरण्या, आणि त्यांना पाणी पुरवायला डोंगरांत बांधलेले तलाव. त्या तलावांवर राबलेही हेच मूलनिवासी. गावकूस दगडाचेच असते असे नाही, ओढ्याचेही असते.

चौकाजवळच जुनी टांकसाळ आहे. आजची इमारत १७७३ मध्ये पूर्ण झाली. चांदीचे पत्रे दाबणारी प्रचंड लाकडी यंत्रे तेथे आजही उभी आहेत. वर पत्रा दाबला जाई आणि खाली तळघरात खेचरे चाकाला जुंपलेली असत. आफ्रिकेतून आणलेले गुलामही या टांकसाळीत राबले. येथे चांदीचा हिशेब चोख ठेवला गेला, कारण त्यात राजाचा वाटा होता. मेलेल्या माणसांचा असा हिशेब कोणी ठेवला नाही. ऐंशी लाख मेले असे सांगितले जाते, इतिहासकारांना तो आकडा मान्य नाही. पण आकड्यावर वाद घालण्याची वेळ का आली, हाच खरा प्रश्न आहे.

चौकाचे नाव आहे '१० नोव्हेंबर'. १८१० मध्ये त्या दिवशी शहराने स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. पण त्याआधी तीस वर्षे, १७८० मध्ये, याच पोतोसीच्या उत्तरेस तोमास कातारी याच्या नेतृत्वाखाली मूलनिवासी उठले होते. हा माणूस न्याय मागण्यासाठी पायी ब्युनोस आयर्सपर्यंत गेला होता. १७८१ मध्ये त्याला मारण्यात आले. चौकाला त्याच्या बंडाचे नाव नाही.

१८२५ मध्ये देश स्वतंत्र झाला, मिता संपली. मूलनिवासींवरचा जुना कर मात्र लवकरच परत आला आणि नव्या प्रजासत्ताकाची तिजोरी कित्येक वर्षे त्यावर चालली. सर्वांना मताधिकार मिळायला १९५२ ची क्रांती यावी लागली. तोपर्यंत ला पाझच्या मुख्य चौकात मूलनिवासींना पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती. जानेवारी २००६ मध्ये एवो मोरालेस हे पहिले मूलनिवासी राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा शपथविधीच्या भाषणात त्यांनी या बंदीची आठवण करून दिली. स्वातंत्र्य आले, पण कोणाचे, हा बाबासाहेबांचा प्रश्न तिकडेही तितकाच खरा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गेलेली माणसे केवळ तहान भागवायला गेली नव्हती. सार्वजनिक जागा सर्वांची, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशसोबत छत्तीस मूलनिवासी भाषांना अधिकृत स्थान दिले. चौकातले पाऊल शेवटी राज्यघटनेत उमटावे लागते.

डोंगर अजून खणला जातो आहे. सहकारी संस्थांचे खाणकामगार आजही आत उतरतात आणि फुप्फुसांत धूळ साठून अकाली मरतात. १९८७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा ठरवले, २०१४ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत घातले. खणून खणून डोंगराचा माथा खचतो आहे. माथ्याची चिंता जगाला आहे, आतल्या माणसाची किती आहे?

आपल्याकडेही किल्ले, वाडे, घाट आणि मंदिरे वारसा म्हणून दाखवली जातात. आपल्या मुलांना ती अवश्य दाखवावीत. पण दाखवताना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हे दगड कोणी वाहिले? त्यांना मजुरी काय मिळाली? आणि संध्याकाळी काम संपल्यावर ती माणसे कोणत्या ओढ्यापलीकडे राहायला जात होती?