मांडीवर टेकवायचं पेन

वर्ध्यात एखाद्या उंच पाण्याच्या टाकीकडे मान वर करून पाहा. खालच्या बाजूला हात-दीड हात लांबीचं, काळपट आग्या मोहोळ लोंबताना दिसू शकतं. लांबूनच बघा हं, आणि दगड तर मुळीच मारू नका! वर्ध्याचं मधमाशांशी नातं जुनं आहे. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा वर्ध्यातल्या मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागदाच्या जोडीला मधमाशापालनाचेही प्रयोग झाले.

माशी डंख मारते तेव्हा तिची काटेरी नांगी आपल्या कातडीत अडकते. माशी उडून जाते, पण नांगीला जोडलेली पिशवी थोडा वेळ विष ढकलतच राहते. म्हणून नांगी झटकन खरवडून काढायची. बहुतेकांना सूज येते, ठणका लागतो आणि संपतं. काहींच्या शरीराने मात्र आधीच्या डंखानंतर या विषाची शत्रू म्हणून नोंद केलेली असते. मग एका डंखानेही अंगभर हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. हाच अ‍ॅनाफिलॅक्सिस. कुणाला तो शेंगदाण्याने होतो, कुणाला झिंग्याने, कुणाला एखाद्या औषधाने.

आता नवल ऐका. यावरचं औषध तुमच्या पोटातच तयार होतं! मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. कुत्रा मागे लागला की छाती धडधडते ना? ती या ग्रंथींतल्या अ‍ॅड्रेनलिनची करामत. १९०१च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध रूपात मिळवलं. सैलावलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं आणि आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. पण अशा झटक्यात शरीराचं स्वतःचं अ‍ॅड्रेनलिन अपुरं पडतं. ते बाहेरून द्यावं लागतं, आणि तेही लगेच.

त्यासाठीच हे पेन. आत स्प्रिंग, औषध आणि लपलेली सुई. एपिपेन नावाच्या पेनाला एका टोकाला निळी टोपी असते, दुसरं टोक नारिंगी. सुई नारिंगी टोकातून येते, म्हणून तिथे अंगठा कधीच ठेवायचा नाही. निळी टोपी ओढायची, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध जोराने दाबायचं, खट् आवाज आला की तीनपर्यंत सावकाश मोजायचं. पँटवरूनही चालतं. आजाऱ्याला आडवं करून पाय उंच ठेवायचे. दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. लगेच १०८ला फोन. पाच मिनिटांत उतार नाही पडला, तर दुसरं पेन.

वर्ध्याचा उन्हाळा या पेनाचा मोठा वैरी. उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवलं तर औषध बिघडतं; फ्रिजही नको. पेनाच्या खिडकीतून आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. तपकिरी दिसलं तर नवं पेन आणायचं.

आपल्याकडे हे पेन सहजासहजी मिळत नाही. पण हेच औषध काचेच्या छोट्या कुपीत दवाखान्यात असतं आणि साध्या सिरिंजने देतात. म्हणून अशी लक्षणं दिसली की घरगुती उपाय करत बसू नका, मोठ्यांना हाक मारा आणि दवाखाना गाठा. पेन टोचून बरं वाटलं तरी जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.