एका नाकबुलीची कैफियत

सन १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका लहानशा प्रकाशनसंस्थेने लेनर्ड निमॉय या अमेरिकन नटाचे जे आत्मकथनपर पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे शीर्षक अवघ्या चार शब्दांचे होते : 'आय ॲम नॉट स्पॉक', म्हणजे 'मी स्पॉक नव्हे'. शब्दशः पाहता या विधानात खोटे असे काहीच नव्हते. स्पॉक हा 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील विज्ञानाधिकारी. व्हल्कन नामक कल्पित ग्रहावरच्या पित्याचा आणि पृथ्वीवरच्या मातेचा पुत्र, टोकदार कानांचा, तिरप्या भुवयांचा, आणि सर्व विकारांना बुद्धीच्या पहाऱ्यात डांबून ठेवणारा. निमॉय हे बॉस्टनच्या वेस्ट एन्ड भागात २६ मार्च १९३१ रोजी जन्मलेले हाडामांसाचे गृहस्थ. तरीही हे साधे विधान ज्यांनी वाचले, किंबहुना मुखपृष्ठापलीकडे ज्यांनी काहीच वाचले नाही, त्यांना ते कृतघ्नपणाचे वाटले. संतप्त पत्रे आली, आणि या नटास आपल्या भूमिकेचा तिटकारा आहे अशी जी वदंता उठली ती कित्येक वर्षे त्याचा पिच्छा पुरवीत राहिली. अखेर वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच लेखणीतून 'आय ॲम स्पॉक', म्हणजे 'मी स्पॉक आहे', असे दुसरे पुस्तक उतरले. आधी नाकबुली आणि मागाहून कबुली, असे हे दोन दस्तऐवज आहेत. आणि माझ्या मते त्यांतला पहिला खोटा नसून अपुरा होता.

निमॉय यांचे आईवडील युक्रेनमधून अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित. वडील केशकर्तनालय चालवीत, घरात यिद्दिश बोलली जाई. वयाच्या आठव्या वर्षी वस्तीतल्या समाजकेंद्राच्या रंगमंचावर हा मुलगा प्रथम उभा राहिला आणि सतराव्या वर्षी क्लिफर्ड ओडेट्सच्या नाटकात काम केल्यावर नट होण्याचा त्याचा निश्चय झाला. वडिलांना हे पसंत नव्हते. निदान अकॉर्डियन वाजवायला शीक, म्हणजे उपाशी तरी मरणार नाहीस, असा त्यांचा व्यवहारी सल्ला होता. घरोघर व्हॅक्यूम क्लीनर विकून जमविलेल्या पैशावर मुलगा कॅलिफोर्नियास गेला, आणि त्यानंतरची दीड दशके किरकोळ भूमिका, मध्येच लष्करातील नोकरी, टॅक्सी हाकणे अशा उमेदवारीत गेली. १९५२ च्या एका स्वस्त चित्रपटमालिकेत तो मंगळावरचा आक्रमक झाला होता, हा योगायोग पुढे त्याच्या चाहत्यांनी मोठ्या प्रेमाने उकरून काढला. 'स्टार ट्रेक' मिळण्यापूर्वी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेले काम आपल्याला कधी लाभले नव्हते, आणि रंगपटाच्या दारावर आपले नाव खडूने न लिहिता रंगाने लिहिलेले प्रथम तेथेच पाहिले, असे निमॉय सांगत. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे कृतघ्नपणाचा आरोप किती वरवरचा होता ते कळते.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी निमॉय यांना आपल्या 'द लेफ्टनंट' या पूर्वीच्या मालिकेतील एका छोट्या कामात पाहिले होते. 'द केज' हा पहिला नमुना-भाग नेटवर्कने अतिबौद्धिक म्हणून नामंजूर केला. त्या भागातला स्पॉक चक्क हसतो. भावनाशून्य, शीतल बुद्धीची पात्ररेखा त्यात 'नंबर वन' या स्त्री-अधिकाऱ्याची होती. ते स्त्रीपात्र पुढे वगळण्यात आले आणि तिचा तो स्वभाव स्पॉकच्या वाट्यास आला. ज्या निर्विकारपणामुळे स्पॉक जगविख्यात झाला तो असा दुसऱ्याच्या दप्तरातून वर्ग होऊन आलेला होता! नेटवर्कच्या अधिकाऱ्यांना तर त्या कानांची धास्तीच वाटे. त्यांत त्यांना सैतानाची छाया दिसे, आणि १९६६ च्या विक्रीपत्रकातील छायाचित्रांत स्पॉकचे कान व भुवया रंगाच्या फवाऱ्याने माणसासारख्या गोल करून टाकल्या गेल्या. स्वतः निमॉयही साशंक होते. तेरा भाग होऊनही तुम्हाला हे कान नकोसे वाटले, तर ते दुरुस्त करून घेणारी कथाच लिहीन, अशी हमी रॉडनबेरींना द्यावी लागली. ती पाळण्याची वेळ आली नाही. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली, स्पॉकच्या नावे पत्रांची पोती येऊ लागली, आणि सहायक भूमिकेसाठी एमी पारितोषिकाचे नामांकन निमॉय यांना लागोपाठ तीन वर्षे मिळाले.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. स्पॉक हा लेखकाने शिवलेला आणि नटाने नुसता अंगावर चढविलेला अंगरखा नव्हता. त्याचे कितीतरी धागे नटाने आपल्या घरून आणले होते. 'द एनिमी विदिन' या भागात प्रतिपक्ष्याच्या डोक्यात शस्त्राचा दस्ता हाणावा अशी सूचना संहितेत होती. इतक्या सुसंस्कृत जीवाला ही धटिंगणी शोभत नाही असे निमॉय यांना वाटले, आणि मानेजवळ बोटांनी दाबून माणसास निपचित पाडण्याची ती सुप्रसिद्ध चिमटी त्यांनी सुचविली. दुसऱ्या एका प्रसंगी, समोर अज्ञात संकट उभे असता सगळे हादरले आहेत, तेव्हा दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी त्यांना सांगितले की तू भिऊ नकोस, शास्त्रज्ञ हो, हे संकट नसून मोठे कुतूहलाचे प्रकरण आहे असे समज. आणि त्या एका सूचनेतून सारे पात्र आपल्याला उमगले, अशी साक्ष निमॉय यांनी दिली आहे.

पण सर्वांत खोलवरची देणगी हाताच्या मुद्रेची. १९६७ मध्ये 'अमोक टाइम' या भागात स्पॉक प्रथमच स्वग्रही जातो. तेथील लोक परस्परांना अभिवादन कसे करीत असतील हा प्रश्न निघाला तेव्हा निमॉय यांना बालपणीचे सिनेगॉग आठवले. सणाच्या दिवशी आरोनच्या वंशातले पुरोहित मस्तकावरून प्रार्थनावस्त्र ओढून, दोन्ही हात पसरून समुदायास आशीर्वाद देत. त्या क्षणी ईश्वरी सान्निध्य अवतरते, तेव्हा पाहायचे नाही, असे वडिलांनी मुलास बजावले होते. सर्वांनी डोळे झाकले. मुलाने मात्र बोटांच्या फटीतून पाहिले. मधले बोट आणि अनामिका यांत अंतर ठेवलेला तो पंजा 'शिन' या हिब्रू अक्षराचा आकार धरतो, आणि ईश्वराच्या एका नामाचे ते आद्याक्षर आहे, हा अर्थ त्याला पुढे कळला. पण विस्मय तेव्हाच ठसला होता, आणि घरी जाऊन त्याने ती मुद्रा घोटून घोटून बसविली. जी मुद्रा पाहण्याची मनाई होती, ती अशा रीतीने कोट्यवधी लोकांच्या हातांत गेली, आणि त्यांतील बहुसंख्यांना आपण कोणाचा आशीर्वाद परस्परांना वाटीत आहोत याची वार्ताही नव्हती. दोन जगांच्या मधोमध जन्मलेला, कोठेच पुरता घरचा न होणारा स्पॉक साकारताना निर्वासितांच्या या मुलास परकेपणाचे पाठ बाहेरून घ्यावे लागले नाहीत.

याची किंमतही चुकती करावी लागली. दिवसाचे बारा बारा तास आणि आठवड्याचे पाच दिवस भावना दाबून वावरल्यावर ती सवय घरी येताना कानांबरोबर उतरवून ठेवता येत नसे. शनिवार तर स्पॉकच्याच ताब्यात जाई, रविवारी दुपारी कोठे निमॉय स्वतःच्या मुलखात परतत, आणि सोमवारी पहाटे पुन्हा रंगभूषेच्या खुर्चीत जाऊन बसत. ३ जून १९६९ रोजी एकोणऐंशी भागांनंतर मालिका संपली. पात्र संपले नाही. पुनःप्रक्षेपणांनी त्याला दुप्पट आयुष्य दिले.

पहिल्या पुस्तकाचे शीर्षक सुचले ते विमानतळावरील एका प्रसंगातून. एका बाईने आपल्या मुलाला निमॉय यांच्यासमोर उभे केले आणि हाच तुझा लाडका स्पॉक असे सांगितले. मुलगा गोंधळून पाहतच राहिला, कारण समोरच्या माणसास ना ते कान होते ना ती भुवई. त्या बालकाचा निवाडा मला तरी निर्दोष वाटतो. पुस्तकात निमॉय आणि स्पॉक यांचे संवाद आहेत. एक दुसऱ्याला टोचतो, दुसरा तर्कशुद्ध उत्तर देऊन पहिल्यास निरुत्तर करतो. आपल्या मराठीत हे लिहिणे सोपे गेले असते, कारण नटाला आदरार्थी बहुवचन देऊन पात्राला एकेरी ठेवले की वाटणी झाली. इंग्रजीत ती सोय नाही, आणि 'मी' म्हटले की दोघेही ओ देतात. शीर्षकाने दुखावलेल्या मंडळींनी पाने उलटली असती तर त्यांना आढळले असते की दुसरे कोणी होण्याची पाळी आलीच तर आपण स्पॉकच होऊ, असा स्वच्छ कौल लेखकाने त्याच पुस्तकात दिला आहे.

येथे मराठी वाचकाला प्रभाकर पणशीकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेही मार्च १९३१ चे, निमॉय यांच्याहून बारा दिवसांनी वडील, शास्त्री-पंडितांच्या घराण्यातले. १९६२ मध्ये दिल्लीत रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून आपल्या प्रत्येक पूर्वरूपाचा इन्कार करतो. पणशीकरांनी ती भूमिका हजारो प्रयोगांत केली, 'इथे ओशाळला मृत्यू'तला औरंगजेबही गाजविला, तरी लोकांच्या तोंडी राहिला तो लखोबाच; आणि आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यांनी त्यास नाव दिले 'तोच मी'. त्यांना नाकबुलीचे पुस्तक वेगळे लिहावे लागले नाही. ते काम अत्र्यांनी आधीच करून ठेवले होते, आणि नाकबूल जाणारा लखोबा लबाड आहे हे प्रेक्षक पहिल्या अंकापासून जाणत होते. निमॉय यांच्या पदरी हे भाग्य नव्हते. ते खरे बोलले, आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना लखोबा ठरविले.

मधल्या वर्षांत त्यांनी 'मिशन : इम्पॉसिबल' मालिकेत दोन वर्षे काम केले, 'फिडलर ऑन द रूफ'मधला तेव्ये रंगविला, १९७७ मध्ये ब्रॉडवेवर 'इक्वस'मधला मानसोपचारतज्ज्ञ केला, आणि व्हॅन गॉगच्या भावावरचा एकपात्री प्रयोग गावोगाव नेला. याच काळात इंग्लंडमधील एका बिअरच्या जाहिरातफलकावर त्यांचा चेहरा झळकला : आधी स्पॉकचे कान मलूल पडलेले, आणि पेयप्राशनानंतर ताठ उभे. त्यासाठी त्यांची ना परवानगी घेतली होती ना मोबदला दिला होता. निमॉय यांनी पॅरामाउंट स्टुडिओवर फिर्याद केली. ज्याने 'मी तो नव्हे' असे छापून जाहीर केले, तोच 'हा चेहरा माझा आहे' म्हणून न्याय मागत होता, यात काहींना विसंगती दिसेल. मला दिसत नाही. दीर्घ वहिवाटीने जमिनीवर हक्क उत्पन्न होतो तसा तो चेहऱ्यावरही होत असला, तरी पात्र स्टुडिओचे, प्रीती प्रेक्षकांची, आणि खाली त्वचा नटाची, अशी तीन खातेदारांची ती सामाईक मिळकत होती. तडजोड झाली, पैसे चुकते झाले, आणि त्यानंतरच १९७९ च्या पहिल्या चित्रपटासाठी ते कान पुन्हा चढले.

१९८२ च्या चित्रपटात काम करण्यास त्यांना राजी केले ते स्पॉकच्या मृत्यूचा उत्तम प्रसंग देऊ करून. चाहत्यांत आकांत झाला. पण मृत्यूचे ते दृश्य चित्रित होईपर्यंत निमॉय यांचेच मन पालटले होते. पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी मागितले तेव्हा स्टुडिओचे प्रमुख मायकेल आयझनर यांनी आक्षेप घेतला की स्पॉकला मारण्याची अट तर तुम्हीच करारात घातली होती. तेव्हा निमॉय यांना, करारनामा दप्तरातून काढून वाचून पाहा, असे म्हणावे लागले. अशी अट त्यात नव्हतीच. एका मुखपृष्ठाने स्टुडिओच्या प्रमुखाच्याही मनात घर केले होते, एवढाच त्याचा अर्थ. दिग्दर्शन मिळाले, १९८४ मध्ये स्पॉक जिवंत झाला, १९८६ चा चित्रपटही त्यांनीच केला; आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला 'थ्री मेन अँड अ बेबी' हा विनोदी चित्रपट, ज्यात अंतराळाचा लवलेश नाही, अमेरिकेत १९८७ सालचा सर्वाधिक उत्पन्नाचा ठरला.

दुसऱ्या पुस्तकात पहिल्या शीर्षकाची चूक त्यांनी मोकळेपणाने पदरात घेतली आहे. मला विचाराल तर 'मी स्पॉक आहे' हेही तितकेच अपुरे. पण त्यावर कोणी रागाचे पत्र पाठविले नाही. तोवर ते वादापलीकडे गेले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रसंग्रहास त्यांनी 'शेखिना' हे नाव दिले. सिनेगॉगमध्ये डोळे झाकायला लावणाऱ्या ईश्वरी सान्निध्याचे हिब्रू नाव तेच.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी लॉस एंजेलिस येथे फुप्फुसांच्या जुनाट विकाराने निमॉय निवर्तले. सिगारेट सोडून त्यांना तीसेक वर्षे होऊन गेली होती. दुसऱ्याच दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरून टेरी व्हर्ट्स या अंतराळवीराने एक छायाचित्र पाठविले. त्यात माणूस दिसत नाही. खिडकीशी धरलेला एक पंजा आहे, मधले बोट आणि अनामिका यांत अंतर ठेवलेला, आणि काचेपलीकडे पृथ्वी. त्या वेळी खाली बॉस्टन शहर होते. वेस्ट एन्डची ती दाट वस्ती मात्र नगरसुधारणेच्या नावाखाली पाडली गेली त्याला अर्धशतक उलटले होते.