उशिरा उगवणारे बी

धने किंचित रगडून पेरले, की आठ-दहा दिवसांत कोथिंबीर वर येते. तिच्याच कुळातील पार्सली मात्र पेरणाऱ्याच्या धीराची परीक्षा पाहते. मूळची भूमध्य सागराच्या परिसरातील ही वनस्पती उगवण्यास तीन ते चार आठवडे घेते. दोन वर्षांपूर्वी माझ्या इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांनी लावलेली पहिली कुंडी आम्ही पंधराव्या दिवशी ‘बी निकामी निघाले’ असे समजून रिकामी केली. घाई आमचीच होती, हे पुढे वाचनातून उमगले.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात एक जुनी समजूत होती. पार्सलीचे बी उगवण्यापूर्वी अनेकदा सैतानाकडे जाऊन येते, म्हणून त्याला इतका वेळ लागतो! कारण ठाऊक नसले, की माणूस ती जागा भयाने आणि कल्पनेने भरून काढतो. वनस्पतिशास्त्राचे उत्तर साधे आहे. बी पिकून गळते तेव्हा त्यातील भ्रूण अतिशय लहान असतो. आतल्या आत त्याची पुरेशी वाढ झाल्यावरच अंकुर बाहेर पडतो. शिवाय बियातील काही द्रव्ये उगवण रोखून धरतात.

हे कारण समजले, की कृतीही समजते. बी ताजे असावे. जुन्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पाणी ओतून द्यावे, म्हणजे रोधक द्रव्ये काही अंशी निघून जातात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी करावी. मूळ खोल जाते, म्हणून कुंडी निदान 8 ते 10 इंच खोल घ्यावी. माती व कुजलेले शेणखत मिसळून बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे आणि वर ओले गोणपाट अंथरावे. माती एकदाही सुकू देऊ नये. अंकुर दिसताच गोणपाट काढून कुंडी सकाळच्या उन्हात ठेवावी. रोपे मोठी झाल्यावर त्यांत वीतभर अंतर राखून विरळणी करावी. सुमारे तीन महिन्यांनी बाहेरचे देठ बुडापासून कापावेत. मधला कोंब राखल्यास पाने पुन्हा येत राहतात.

दुसरी कुंडी आम्ही याच रीतीने लावली. चोविसाव्या दिवशी पहिला अंकुर दिसला, तेव्हा सारा वर्ग कुंडीभोवती गोळा झाला. तेव्हापासून वर्गात उत्तर द्यायला उशीर लावणाऱ्या मुलापाशी मी थोडा अधिक वेळ थांबतो. पालकांनीही थांबावे, एवढीच विनंती.