ग्रीस निपल आहे, पण ग्रीस जातं कुठे?

इकडे अमेरिकेत घरामागे मोठं लॉन असलं की बसून चालवायचा लॉनमोवर येतोच. त्याच्या खालचं पत्र्याचं कवच म्हणजे डेक आणि त्यातलं पातं ज्या दांड्यावर फिरतं तो स्पिंडल. पातं मिनिटाला साधारण ३००० फेरे मारतं, आणि त्याचा सगळा ताण दोन छोट्या बेअरिंगांवर.

आता गंमत बघा. माझ्या मोवरच्या स्पिंडलला ग्रीस निपल आहे, पण आतलं बेअरिंग ६२०३-२आरएस. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. मग गनने कितीही ग्रीस मारा, ते नुसतं हाउसिंगमध्ये साठतं, गोळ्यांपर्यंत जातच नाही! म्हणून नवीन बेअरिंग बसवताना हाउसिंगच्या आतल्या बाजूचं सील मी टोकदार पिनने काढतो. बाहेरचं मात्र राहू द्यायचं, नाहीतर गवत-माती आत. निपलच नसेल तर दोन्ही सील तशीच ठेवा.

तपासायचं असेल तर आधी स्पार्क प्लगची वायर काढा, हे अजिबात टाळू नका. मग जाड हातमोजे घालून, बेल्ट उतरवून पातं हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पातं वरखाली हललं तर ग्रीसने काही होणार नाही, बेअरिंगच बदला. आणि डेक धुताना प्रेशर वॉशरचा फवारा थेट स्पिंडलवर नको, पाणी सीलमधून आत शिरतं.